मकरपुऱ्यातलं फायबरचं दुकान: विमानाच्या कामाला काय घ्यावं, काय तिथेच सोडावं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत फायबरग्लासचं सामान विकणारी दुकानं आहेत. त्यांतल्या एकाची ही परीक्षा, घरी विमान बांधणाऱ्याच्या नजरेतून. निकाल आधीच सांगून टाकतो. कापड इथून घ्या, पण दोन चाचण्या केल्यावरच. रेझिन, म्हणजे कापडात मुरवून कडक होऊ द्यायचं चिकट द्रव, घ्यायचं तर सीलबंद डब्यातलं आणि कंपनीची डेटाशीट (माहितीपत्रक) हातात पडल्यावर. फोम इथून घेऊच नका. दुकानाचं नाव देत नाही, कारण त्या पट्ट्यात कुठेही गेलात तरी माल थोड्याफार फरकाने हाच असतो आणि काउंटरवरची उत्तरंही हीच असतात.

दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक कोण, हे आधी ध्यानात घ्यावं. टाक्यांना आतून अस्तर लावणारे ठेकेदार, केमिकल कारखान्यांचे डक्ट आणि कूलिंग टॉवर दुरुस्त करणारे, बंपर जोडणारे गॅरेजवाले, गणपतीच्या आधी साचे काढणारे मूर्तिकार. या सगळ्यांना पाणी गळायला नको आणि ॲसिडने खायला नको, एवढंच हवं असतं. टाकी चार किलो जड झाली तर कोणाचं काही बिघडत नाही. काउंटरवर मिळणारा प्रत्येक सल्ला या कामातून आलेला आहे. त्या कामापुरता तो बरोबरच असतो. विमानाला तोच सल्ला लावला की घोटाळा होतो. २८ ऑक्टोबर २०२४ला बडोद्यात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, म्हणून मकरपुऱ्याच्या काउंटरवर एरोस्पेस दर्जाचा माल आला असा समज करून घेऊ नये.

इथे गृहीत धरलेली पद्धत म्हणजे साच्याशिवाय बांधणी. तापलेल्या तारेने फोमचा गाभा पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचकापड आणि इपॉक्सी या प्रकारच्या रेझिनचे थर चढवायचे. फोम आतच राहतो. अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटानच्या व्हॅरीईझ या विमानाने १९७५मध्ये आणि लाँग-ईझीने १९७९मध्ये ही रीत घरी विमान बांधणाऱ्यांत रुजवली. आपल्याकडे बंगळूरच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात लाँग-ईझीच्याच धर्तीवर एलसीआरए हे विमान उडवलं आणि पुढे हंसा हे दोन आसनी विमान काच-इपॉक्सीतच केलं. अमोल यादव यांचं मुंबईत गच्चीवर बांधलेलं विमान सगळ्यांना माहीत आहे, पण ते धातूचं आहे. पत्र्याच्या कामात पत्र्याची मजबुती कारखान्यात ठरलेली असते. काच-इपॉक्सीत तुमचा कप, तुमचा काटा आणि त्या दिवशीची हवा मिळून ती ठरवतात. म्हणून सामानाची पारख इथे जास्त लागते.

कापडापासून सुरुवात करू, कारण दुकानाची खरी ताकद तीच. आत गेल्या गेल्या डाव्या हाताला मॅटचे मोठे रोल उभे असतात, ३०० आणि ४५० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). तिकडे वळूच नका. चॉप्ड स्ट्रँड मॅटमधले तुकडे ज्या बाइंडरने धरलेले असतात, तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणून घातलेला असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे बाइंडर तसाच राहतो, मॅट पूर्ण भिजत नाही आणि वर रेझिन मात्र भरमसाट पिते. त्याच्या पलीकडे वोव्हन रोव्हिंग, ३६० आणि ६०० जीएसएमचं. जाड वीण, मोठी छिद्रं, छिद्रांत साचणारं रेझिन. टाकीला उत्तम, पंखाला नाही.

आपल्याला हवं ते मागच्या रॅकवर असतं, आणि ते मागायची भाषा वेगळी आहे. काउंटरवर कापड मिलमध्ये विकलं जातं: सात मिल, दहा मिल, तेरा मिल. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाडीचं माप. त्यावरून वीण कळत नाही आणि वजनही नक्की कळत नाही. रुटानच्या नकाशांतलं बीआयडी कापड साधारण ३०० जीएसएमचं, उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना सारखीच काच असलेलं ट्विल (तिरप्या विणीचं कापड). एक थर बसल्यावर जाडी सुमारे ०.३३ मिलिमीटर. म्हणून ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा मागा आणि काट्यावर टाका. ३०० जीएसएम असेल तर ७५ ग्रॅम भरायला हवेत. ७० भरले तर कापड २८० जीएसएमचं, म्हणजे नकाशात सांगितलेल्या थरांचा हिशोब चुकला. मग एका इंचात उभे आणि आडवे धागे मोजा, पण त्यांची जाडीही पाहा: एका दिशेला धागे कमी पण जाड असू शकतात. जाडी धरूनही दोन्ही दिशांच्या काचेत मोठा फरक असेल तर ते बीआयडी नव्हे.

वजन जुळलं तरी काम संपत नाही, कारण बडोद्यात एक खास सापळा आहे. कोयलीची रिफायनरी आणि भोवतालचे कारखाने यांच्या वाफेच्या पाइपांना गुंडाळायला काचकापड प्रचंड खपतं. हे लॅगिंगचं कापड दिसायला अगदी आपल्यासारखं, कधीकधी वजनालाही तेवढंच. फरक धाग्यावरच्या लेपात. रेझिनसाठीच्या कापडावर सिलेनचा फिनिश असतो. त्याचं एक टोक काचेला धरतं आणि दुसरं इपॉक्सीला. लॅगिंगच्या कापडावर विणताना लावलेला स्टार्च-तेलाचा थर तसाच असतो, किंवा तो भट्टीत जाळून काढलेला असतो आणि पुढे सिलेन लावलेलं नसतं. पहिला प्रकार ज्योतीवर धरला की पिवळा-तपकिरी पडतो आणि पकडला जातो. दुसरा पांढराशुभ्र राहतो आणि काडीच्या चाचणीला सहज फसवतो. म्हणून नुसत्या काडीवर विसंबू नये.

खरी चाचणी पाण्याची. चार थरांची तळहाताएवढी पट्टी बनवा, पूर्ण सेट होऊ द्या, आणि अर्धी पट्टी उकळत्या पाण्यात दोन तास ठेवा. फिनिश योग्य असेल तर बुडालेला भाग बाहेरच्या भागाइतकाच पारदर्शक राहतो. नसेल तर धाग्यांच्या रेषा दुधासारख्या पांढऱ्या उमटतात. पाणी काच आणि रेझिनच्या मधून शिरलं, असा त्याचा अर्थ. या दुकानात बीआयडी म्हणून जे तेरा मिल कापड दिलं जातं, त्याचा एक रोल या चाचणीत स्वच्छ निघाला, तर शेजारच्या रॅकवरच्या त्याच मापाच्या रोलवर रेषा आल्या. बिलावर दोघांचं वर्णन एकच: ग्लास क्लॉथ.

दुसरी खूण हाताखाली काम करतानाच दिसते. चांगलं कापड रेझिन लागताच मिनिटाभरात काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालचा फोम दिसू लागतो. मग हवेचा बुडबुडा पांढरा ठिपका होऊन उठून दिसतो आणि तो सुईने टोचून किंवा स्क्वीजीने (रबरी पट्टीने) बाहेर सारता येतो. काच-इपॉक्सीचा हा सगळ्यात मोठा फायदा. कार्बन काळा असतो, त्यात आत काय लपलं ते डोळ्यांना दिसत नाही. नवख्याने कार्बनच्या नादी लागू नये, ते याच कारणाने.

यूएनआय, म्हणजे एकाच दिशेला धागे असलेलं सुमारे २४० जीएसएमचं कापड, दुकानात तयार नसतं. मागितलं की पवनचक्कीच्या पात्यांचं शिवलेलं युनिडायरेक्शनल पुढे करतात, ६०० जीएसएम आणि वरचं. ते पंखाच्या कातडीला फार जड. फोमच्या वळणावर ते हाताने बसत नाही आणि कडेला उचललं जातं. यूएनआय ऑर्डर देऊनच मागवावं. मात्र पात्यांच्या धंद्यातून येणारं ४५ अंशांत शिवलेलं बायॅक्स इथे चांगलं मिळतं. बीआयडी ४५ अंशांत कापताना त्रिकोणी तुकडे वाया जातात, ते इथे वाचतं. पण नकाशात बीआयडीचे दोन थर सांगितले असतील तर त्याजागी बायॅक्सचे दोन थर, अशी सरळ अदलाबदल करू नये. वजन आणि ताकद दोन्ही पुन्हा काढावी लागते.

आणि कापड बांधून देण्याची पद्धत. मुलगा साडीसारखी घडी घालून पिशवीत कोंबतो. काचेचा धागा घडीवर तुटतो, आणि ती रेघ नंतर लॅमिनेटमध्ये, म्हणजे कापड-रेझिनच्या कडक झालेल्या थरांत, पांढरी उमटते. रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागून घ्या आणि कापड गुंडाळूनच न्या. मागितली की देतात, फुकट. न मागता कोणी देत नाही.

आता रेझिन. इथे सर्वांत सावध राहायला हवं.

काउंटरवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “साहेब, रेझिन तो बधा सरखा ज.” म्हणजे सगळी रेझिनं सारखीच. नाहीत. पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टर या दोन्ही रेझिनांत स्टायरीन असतं आणि ते पॉलिस्टायरीन फोमला अक्षरशः खातं. ब्रशचा पहिला हात फिरला की गाभ्याला खड्डा पडतो. त्यामुळे साच्याशिवायच्या बांधणीत इपॉक्सीला पर्याय नाही. ग्लासएअरसारखी किट व्हिनाइल एस्टरमध्ये असतात हे खरं, पण त्यांचा गाभा पीव्हीसी फोमचा असतो.

इपॉक्सीत दुकानात सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१, किंवा लॅपॉक्स एल-१२ आणि के-६. जोडीतलं पहिलं रेझिन, दुसरा ते कडक करणारा हार्डनर. दोन्हींचं प्रमाण वजनाने १००ला १०. कॉलेजच्या प्रयोगशाळांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे हीच वापरली जाते आणि तिच्या कामात ती चोख आहे. हाताने पंखावर थर चढवायला मात्र तीन अडचणी येतात. पहिली, घट्टपणा. अशा मूळ रेझिनची व्हिस्कॉसिटी २५ अंशांना दहा हजार मिलिपास्कल-सेकंदच्या आसपास असते, तर विमानासाठीच्या एल २८५सारख्या रेझिनची हजाराच्या आत. मधासारखं घट्ट रेझिन कापडात उतरायला वेळ घेतं, तोवर माणूस वरून आणखी ओततो, आणि लॅमिनेट जड होतं. दुसरी, वेळ. हार्डनर जलद आहे. पंखाच्या एका बाजूचे थर चढवायला दोन-तीन तास लागतात आणि कप त्याच्या कितीतरी आधी धूर सोडू लागतो. तिसरी, प्रमाणाची नाजूकता. १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर. काटा एक ग्रॅमने चुकला तर हार्डनर दहा टक्क्यांनी चुकला. एल २८५चं प्रमाण वजनाने १००ला ४०, तिथे तीच चूक अडीच टक्क्यांची. तेव्हा १००:१० वाली जोडी वापरायचीच असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालत नाही.

घट्टपणावर दुकानाचा उपाय: थोडं ॲसिटोन मारा. हे अजिबात करू नका. ॲसिटोन थरात अडकून राहतं, रेझिन मऊ पडतं आणि ज्या तापमानाला ते ढिलं होतं ते तापमान खाली येतं. शिवाय पातळ इपॉक्सीतलं ॲसिटोन खालच्या पॉलिस्टायरीनलाही चावतं.

दुसरा सल्ला आणखी धोकादायक, कारण तो शहाणपणाचा वाटतो. मे महिन्यात डबा हातात देताना सांगतात, “गरमी छे, हार्डनर थोडुं ओछुं नाखजो,” म्हणजे थोडा कमी घाला. पॉलिएस्टरमध्ये हे अगदी बरोबर आहे. तिथला एमईकेपी उत्प्रेरक आहे, कमी घातला की रेझिन सावकाश सेट होतं, पण होतं. इपॉक्सीतला हार्डनर उत्प्रेरक नाही. तो रेझिनच्या रेणूला रेणू जोडणारा निम्मा भागीदार आहे. कमी घातला की काही रेणू जन्मभर एकटेच राहतात. थर वरून कडक लागतो, नखाने ओरखडत नाही, आणि उन्हात पंख वाकतो. इपॉक्सीत वेळ हवा असेल तर हार्डनरचं प्रमाण नाही, हार्डनरच बदलायचा: सावकाश प्रकारचा घ्यायचा. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, हा हिशोब डोक्यात ठेवा. एकावेळी १५० ग्रॅमहून जास्त मिसळू नका आणि मिसळलं की उथळ ट्रेमध्ये पसरा. कपात साठून राहिलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं तापतं.

मग घ्यायचं काय? दुकानदाराला थेट विचारा: पवनचक्कीच्या पात्यांचं इन्फ्युजन (पंपाने ओढून भरायचं) किंवा हॅंड ले-अप (हाताने लावायचं) इपॉक्सी, व्हिस्कॉसिटी हजाराच्या आत, सावकाश हार्डनरसह. ते रॅकवर नसतं, पण मागवून देतात. शेठ या बाबतीत सरळ आहेत, नसेल तर नाही म्हणतात. डेटाशीटवर तीन ओळी शोधा: मिश्रणाचं प्रमाण, पोस्ट-क्युअरचं (सेट झाल्यावर द्यायच्या शेकाचं) वेळापत्रक, आणि पोस्ट-क्युअरनंतरचं टीजी, म्हणजे रेझिन कडकपणा सोडू लागतं ते तापमान. डेटाशीट नसेल तर डबा परत. नकाशाच्या रचनाकाराने विशिष्ट रेझिन सांगितलं असेल तर तेच घ्यावं, मग भाव काहीही असो. विमानाच्या एकूण खर्चात तेवढ्याने फरक पडत नाही.

२०० लिटरच्या पिंपातून कॅनमध्ये ओतून दिलेलं सुटं रेझिन घेऊ नये. बॅच नंबर नाही, काय मिसळलंय कळत नाही. हार्डनरचा डबा उघडून झाकणाखाली बघा. कडेला पांढरी साय किंवा खरपुडी असेल तर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल ओढली आहे. तो नको. रेझिन थंडीत गढूळ किंवा साखरेसारखं दाणेदार झालं असेल तर घाबरू नका. डबा ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवा, दाणे पूर्ण विरले की ते पहिल्यासारखं होतं. अर्धवट विरलेलं वापरू नका, प्रमाण चुकतं.

रेझिन घरी आलं की पहिलं काम पातेल्यातलं. चार थरांची दोन सेंटिमीटर रुंद, वीस सेंटिमीटर लांब पट्टी करा. पसरट पातेल्यात दोन विटकरीचे तुकडे पंधरा सेंटिमीटर अंतरावर ठेवा, त्यांवर पट्टी आडवी, आणि मधोमध २०० ग्रॅमचे लोखंडी नट. पाणी भरा, थर्मामीटर सोडा, गॅस अगदी मंद. सुरुवातीला पट्टी दोनेक मिलिमीटर वाकलेली दिसेल. दर पाच अंशांना थांबा आणि पाहा. एका ठिकाणी ती झोळीसारखी बसते. ते तुमच्या रेझिनचं खरं तापमान. फक्त खोलीच्या हवेत सेट झालेलं इपॉक्सी बहुधा ५० ते ६०च्या दरम्यान बसतं. ६० अंशांचा आठ-दहा तासांचा शेक दिल्यावर तीच पट्टी ७०च्या पुढेही ताठ राहायला हवी. बडोद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग ८० अंश ओलांडू शकतो. कंपोझिट विमानं पांढरी असतात, ती या गणितामुळे. पॉलिस्टायरीन फोम स्वतःच ७५च्या आसपास हार मानतो, त्यामुळे शेक ६०च्या वर नेता येत नाही आणि पांढऱ्या रंगावाचून गत्यंतर राहत नाही.

कामाचे दिवस कोणते, हेही रेझिनच ठरवतं. जुलै ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की अमाइन हार्डनर वर येऊन मेणचट पापुद्रा धरतो. त्यावर पुढचा थर चिकटत नाही. तो ॲसिटोनने पुसला की नुसता पसरतो. कोमट पाणी आणि घासणीने धुवावा, वाळवावा, मग पॉलिश पेपर. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी सर्वांत चांगला, फक्त रात्री खोली २०च्या खाली जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर पहाटे.

फोमचं थोडक्यात. दुकानात पिवळट पफ मिळतं, कोल्ड स्टोरेजचं. ते पॉलियुरेथेन आहे. त्याला तापलेली तार लावायची नाही, धुरात सायनाइड असतं. मखरांसाठीचा थर्माकोल दाण्यांचा, दाणे सुटे होतात, रचनेला निरुपयोगी. सरावासाठी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांकडचे एक्सपीएस, म्हणजे दाणे नसलेल्या पॉलिस्टायरीन फोमचे, बोर्ड घ्या. १.२५ मीटर बाय ६० सेंटिमीटर, ५० मिलिमीटर जाडीचा बोर्ड ३२ किलो घनमीटरचा असेल तर १.२ किलो भरतो. त्याची गुळगुळीत कातडी घासून काढल्याशिवाय रेझिन धरत नाही. दोन बोर्ड आधी इपॉक्सीने जोडून मग तार फिरवू नका, तार इपॉक्सीच्या रेषेवर अडकते आणि तिथे खाच पडते. खऱ्या पंखासाठी मात्र नकाशात सांगितलेला मोठ्या पेशींचाच फोम. बारीक पेशींच्या बोर्डावर कातडी तुलनेने सहज सोलून निघते.

तारेसाठी गीझर-इस्त्री दुरुस्तीच्या दुकानातली ०.५ मिलिमीटरची नायक्रोम चालते. एक मीटरला साधारण ५.६ ओहम, १२ ते १८ व्होल्टला दोन-तीन अँपिअर. ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. पंख्याचा रेग्युलेटर थेट घरच्या विजेवर लावून तार तापवणं म्हणजे हातात जिवंत वायर धरणं.

भरणीच्या पावडरींत पुन्हा तीच गंमत. “मायक्रो” मागितलं की कधी काचेचे पोकळ फुगे, कधी राखेतले सेनोस्फिअर, कधी चक्क खडूची भुकटी. चमचाभर ग्लासात पाण्यावर टाका: फुगे तरंगतात, खडू तळाला बसतो. फुगे आणि सेनोस्फिअर यांतला फरक वजनात: चहाच्या ग्लासभर काचेचे फुगे जवळपास काहीच भरत नाहीत, सेनोस्फिअर हाताला जाणवतात. हा फरक किरकोळ नाही. पंखांवर १५ चौरस मीटरला सरासरी अर्धा मिलिमीटर भरणी म्हणजे साडेसात लिटर. फुग्यांच्या कोरड्या मिश्रणाने ती साडेतीन किलोच्या आसपास, खडूच्या पुट्टीने तेरा किलो. फ्लॉक्ससाठी, म्हणजे सांधे जोडायला इपॉक्सीत मिसळायच्या भुकटीसाठी, सुती तंतूच लागतात. सुरतेकडून येणारा मखमली छपाईचा नायलॉन फ्लॉक तसाच दिसतो, तो घेऊ नका. एरोसिल, म्हणजे रेझिन ओघळू नये म्हणून घालायची सिलिकाची पावडर, इथलं चांगलं आहे.

पीलप्लायला, म्हणजे ओल्या थरावर घालून नंतर सोलून काढायच्या कापडाला, दुकानात परदेशी रोल दाखवतात, भाव ऐकून पाणी प्यावं लागतं. मंगळ बाजारातलं साधं पॉलिएस्टर अस्तर चालतं. अट एकच, त्यावर सिलिकॉनचा किंवा पाणी झटकणारा हात नको. पाण्याचा थेंब टाका. मुरला तर घ्या, मोत्यासारखा उभा राहिला तर सोडा. ब्रश, निट्राइल हातमोजे, ॲसिटोन इथून घ्यायला हरकत नाही. ॲल्युमिनियमचा खाचांचा रोलर नको, बारीक विणीचे धागे तो सरकवतो. हाताला लागलेलं इपॉक्सी ॲसिटोनने नाही, व्हिनेगरने पुसा. ॲसिटोन ते कातडीत आणखी खोल नेतं आणि ॲलर्जी एकदा आली की जात नाही.

एक तक्रार स्पष्ट लिहायला हवी. पॉलिएस्टर सेट करायला लागणाऱ्या एमईकेपीच्या बाटल्या आणि कोबाल्टचे कॅन एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवलेले असतात. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत मिसळली तर स्फोट होतो. आपलं काम इपॉक्सीचं असलं तरी त्या फळीखाली उभं राहून कापड मोजून घेऊ नये. शेठना सांगितलं तर ते हसून “चालशे” म्हणतात. नाही चालत.

बाकी व्यवहार सरळ आहे. पक्कं बिल देतात, जीएसटी १८ टक्के वेगळा. बिलावर बॅच नंबर आणि कापडाचं जीएसएम लिहून मागा. थोडी कुरकुर होते, पण लिहितात. ते बिल, त्या रोलचा हातभर तुकडा आणि त्या डब्यातून बनवलेली पट्टी एकाच पाकिटात, तारीख घालून ठेवा. विमानांना परवानगी देणाऱ्या डीजीसीएपुढे कागद मांडायची वेळ आली की तुमच्या विमानात काय आहे याचा पुरावा म्हणजे ही पाकिटं. न उघडलेला हार्डनर बदलून देतात, कापलेलं कापड परत घेत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

पहिल्या फेरीत एवढंच घ्यावं: बीआयडी चार मीटर, सीलबंद इपॉक्सीची एक छोटी जोडी, फुगे आणि फ्लॉक्स अर्धा अर्धा किलो. त्यातून ३० बाय ३० सेंटिमीटरचा सहा थरांचा तुकडा लावा. कापडाचं वजन १६२ ग्रॅम. सेट झाल्यावर कडा कापून तुकडा पुन्हा त्याच मापाचा करा आणि तोला. २६० ग्रॅमच्या आसपास भरला तर रेझिन ३८ टक्के, हाताने केलेल्या कामाला छान. ३२० भरला तर निम्मं रेझिनच आहे, स्क्वीजी आणखी फिरवायला हवी होती. २३०च्या खाली आला तर कापड कोरडं राहिलंय. प्रकाशाकडे धरलात तर पांढरे डाग दिसतील.

उरलेल्या कापडात ६० सेंटिमीटर रुंदीचा, सव्वा मीटर लांबीच्या पंखाच्या तुकड्याची एक बाजू थर चढवून होते. दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा मकरपुऱ्याला जाताना पहिल्या बिलाचा फोटो जवळ ठेवा आणि त्याच रोलमधून मागा. रोल संपला असेल तर नव्या रोलचा तुकडा आधी पाण्यात उकळा.